नोंदकाकांची आडवी रेघ

नोंदकाका माणसाशी बोलायचे नाहीत, त्याची नोंद सांगायचे. माझ्यासमोरच फोनवर मुलीला, मीनलताईंना, म्हणाले, "वरच्या मजल्यावरची. मूळ सातारा जिल्हा. शिक्षण नववी. अपत्य एक, रडकं."

हॉस्पिटलातून रिटायर झालेले डॉक्टर, इंग्लंडात मिल्टन कीन्सला आमच्या खालच्या फ्लॅटमध्ये एकटे. इकडच्या पोरांसाठी मराठीत पुस्तक करत होते, युरोपातल्या नद्या, राजे, कवी, जुने देव, एकेका कार्डावर सहा ओळी, बास. हात थरथरायचा म्हणून मी उतरवून द्यायचे. मला कळलं नाही तर कार्ड टराटरा फाडायचे. "तुला कळलं की जगाला कळलं." डॅन्यूब नदीचं सांगताना म्हणाले, "इतक्या देशांतून जाते बघ, व्हिसा मागत नाही कोणी." झ्यूसचं, "देवांचा राजा, पण घरात लक्ष नाही." मी म्हटलं, "अगदी आमचे सासरे!" तर ठसका लागेपर्यंत हसले.

माणसांच्या कार्डावर जन्माचं साल, मग आडवी रेघ, मग मेल्याचं साल. जिवंत असेल तर रेघेपुढं जागा कोरी सोडायची. "तिथं घाई करायची नाही," म्हणायचे.

आणि एका मंगळवारी, बाळ कडेवर, मी कार्डं लावतेय आणि मध्येच त्यांचंच नाव, त्यांच्याच वेड्यावाकड्या अक्षरात. जन्मसाल, रेघ, पुढं यंदाचं साल!

"काका, अहो, हे चुकलंय!"

"चुकलेलं नाही. स्कॅन बघितलाय मी. पुस्तक छापून येईल तेव्हा मी नसेन. नोंद अर्धवट कशाला ठेवायची?"

"मीनलताईंना माहितीये?"

"नाही. तिची नोकरी आहे, मुलं आहेत. तू सांगायचं नाहीस. घे शपथ."

मी शपथ घेतलीच नाही, जिना चढून पळालेच वर. आमचे हे म्हणाले, "आपण मध्ये पडायचं नाही." दोन दिवस सारखं वाटायचं, माझे बाबा असे गेले असते आणि मला कोणी सांगितलंच नसतं तर? इथल्या डॉक्टरला, जीपीला, फोन करायचा तरी माझी बोबडी वळते, पण तिसऱ्या दिवशी लावला मीनलताईंना, नॉटिंगहॅमला.

"ताई, काकांनी कार्डावर साल घातलंय. संपायचं."

"ओह, कार्ड एक्सपायर झाला? ओके, मी बँकला रिंग करते."

"कार्ड नाही हो ताई! काका! काका संपणारेत!"

म्हणता म्हणता मलाच रडू फुटलं.

ताई त्या संध्याकाळीच आल्या, कोटसुद्धा काढला नाही. "बाबा, तू मला का नाही सांगितला?"

"सांगितलं," काका म्हणाले. "नपुंसकलिंग." आणि दोघंही रडायला लागले.

पुढचे पाच आठवडे ताई तिथंच राहिल्या. काका माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मी मऊ भात घेऊन जायचे, ते भिंतीकडं तोंड करायचे. ताई म्हणायच्या, "तू बरोबर केलीस," पण त्या पाठीकडं बघितलं की मी भात तिथंच ठेवून वर निघून यायचे.

शेवटच्या रविवारी मी बाळाला घेऊन दारातच थांबले, आत जायचा धीर होईना. काकांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत.

"मीनल," म्हणाले, "ती बाहेर उभी आहे. आत घे तिला. बाळाला वारा लागतोय."

ताई उठायच्या आधीच, पायातल्या चपलांसकट, मी आत.