तहान लागली म्हणायचं नाई

धम्मदीपले मी शाळेपासून ओळखतो. लोकायले तो किकबॉक्सिंगचा चॅम्पियन म्हणून माहीत, मले तिवस्याचा हट्टी पोट्टा म्हणून. त्याचे वडील देवमनकाका पाटबंधारे खात्यात चौकीदार, माहा बाप अमरावतीले इतवारा बाजारात फुलं विकायचा. ते दुकान आता मी चालवतो. तो लढायचा तेव्हा त्याच्या कोपऱ्यात बादली अन् टॉवेल घेऊन मीच उभा राहायचो. म्हणून हे सांगायचा हक्क माहा आहे, कोणाले पटो न पटो.

त्याचं नाव लाथेपेक्षा वजनानं जास्त झालं. या खेळात वजनाचे गट असतात. लढतीआधी सकाळी काट्यावर उभं करतात, शंभर ग्रॅम जास्त भरलं तरी घरी जा म्हणतात. धम्मदीप मुद्दाम आपल्याहून हलक्या गटात उतरायचा, म्हणजे समोरचा गडी बारका यावा. मग आदल्या दिवशी अंगातलं पाणी काढायचं. स्वेटर, त्यावर प्लास्टिकचा रेनकोट, अन् मे महिन्याच्या उन्हात पळणं. पाण्याचा घोट नाई, नुसती चूळ भरून थुंकायचं. एका खेपेले त्यानं दीड दिवसात चार किलो तोडले. चार वेळा राज्याचं सोनं आणलं, दोनदा राष्ट्रीय पदक. मिरवणूक निघाली, हार माह्याच दुकानाचे होते. मी तर नाचलो, खोटं काहून बोलू?

मग गुडघा गेला अन् खेळ संपला. दोन-तीन वर्षं नोकरीसाठी चपला झिजवल्या. शेवटी पिठाच्या गिरणीमागं एक टिनाचं शेड भाड्यानं घेतलं अन् पोट्टे शिकवू लागला. शिकवायचा जीव ओतून. कोणाचा पाय मुरगळला तर स्वतः स्कूटरवर घरी सोडून यायचा. पण नियम एकच होता, तहान लागली म्हणायचं नाई. म्हणायचा, तहान मनाची असते, शरीराची नसते. कोणी सांगितलं होतं त्याले, देव जाणे! सरावाच्या मधातच तो बाटली घेऊन एकेकापुढं जायचा अन् गोड आवाजात म्हणायचा, घे, पी. जो प्याला त्याले पन्नास बैठका. जो मान फिरवायचा त्याच्या पाठीवर थाप. मी एकदा म्हणलं, अबे, हे लेकरं आहेत, उंट नाईत. तो हसला. मीबी हसलो, अन् तेच आता मले खाते.

नीलम त्याच्या बहिणीची, शालूची पोरगी. सोळा वर्षाची, शेळपट बिलकुल नाई, मामावर जीव टाकणारी. घरी मामा म्हणायची, शेडमंदी सर. सहा वर्षात तिनं त्या बाटलीले एकदाबी हात लावला नाई. धम्मदीप चारचौघात सांगायचा, माही भाची पाहा. पोरगी लाजून खाली पाहायची, पण आतून फुलून जायची.

मागच्या मे महिन्यात अकोल्याले राज्याची निवड होती. नीलमचा गट पन्नास किलोचा, अन् आदल्या दिवशी ती भरली बावन्न. वरच्या गटात लढवता आलं असतं. मी तसं म्हणलंबी. पण तिथं एक दांडगी पोरगी होती, धम्मदीप म्हणाला, हारली तर मन मोडन तिचं. अन् दोन किलो म्हणजे काय, अकोल्याचं ऊनच काढून देते. असं म्हणून त्यानं आपला जुना रेनकोट तिच्या अंगावर चढवला. दुपारभर ती मैदानाले चकरा मारत राहिली. हा सावलीत घड्याळ घेऊन उभा अन् मी त्याच्या बाजूले. संध्याकाळी तिचे ओठ पांढरे झाले, बोलणं जड झालं. तेव्हाबी आमा दोघायले वाटलं, असंच होत असते.

सकाळी काटा बरोबर पन्नासावर थांबला. पोरीनं मामाकडं पाहिलं, हसली, अन् काट्यावरून उतरता उतरता खाली पडली.

दवाखान्यात डॉक्टरनं सांगितलं की मूत्रपिंडं बंद पडली आहेत. चार दिवस मशीनवर रक्त धुतलं. शालू अमरावतीहून आली, भावाले एक शब्द बोलली नाई. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. धम्मदीप भिंतीले टेकून बसायचा अन् पुन्हा पुन्हा म्हणायचा, माह्या हातानं झालं, गोपाल, माह्या हातानं. हात माहाबी होता.

पाचव्या दिवशी लघवी सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, आता पाणी हेच औषध, दर तासाले ग्लासभर पोटात गेलं पाहिजे, पुढंबी जन्मभर हयगय चालणार नाई. धम्मदीपनं लगेच ग्लास भरला अन् तिच्या तोंडाशी नेला.

"घे बेटा, पी."

तिनं मान फिरवली.

त्याले वाटलं मळमळत असन. थोड्या वेळानं पुन्हा नेला, पुन्हा तेच. मग तो गयावया करू लागला. डोळ्यातून पाणी, हात जोडलेले. एवढा चार सोनं आणणारा माणूस सोळा वर्षाच्या पोरीपुढं रडत होता. पोरीचे ओठ फुटलेले, जीभ कोरडी, अन् नजर कशी, तर एकदम ताठ.

"मामा, तुमी पाहून राहिले ना, मी पेतो का ते. मी नाई पेत."

धम्मदीपनं हजार वेळा सांगितलं, ही परीक्षा नाई, मी चुकलो, तो नियमच चूक होता. पोरगी ऐकायची, मान हलवायची, अन् तो हातात ग्लास घेऊन उभा असला की तोंड घट्ट मिटायची. पुढच्या महिन्यात दुसरी निवड आहे ना, म्हणायची.

शेवटी शालू उठली. दुपारी बारापासून संध्याकाळपर्यंत पोरीच्या पोटात थेंब नव्हता. तिनं भावाच्या हातातला ग्लास काढून घेतला अन् पाच दिवसात पहिल्यांदा त्याच्याशी बोलली.

"दादा, तू बाहेर जाय."

तो गेला. दाराच्या फटीतून मी पाहिलं, पोरीनं एकदा दाराकडं नजर टाकली, अन् दोन्ही हातानं ग्लास धरून गटागटा प्याली. दुसरा मागितला. मी जिन्यात जाऊन त्याले सांगितलं.

नीलम आता घरी आहे, बरी आहे. शेडले कुलूप आहे. शालूचं घर त्याच्या गल्लीतच, तिसरं दार, पण तो तिकडं फिरकत नाई. तो दिसला की पोरगी त्या दिवशी पाणी कमी पेते. रोज संध्याकाळी तो दुकानावर येतो, फुलायच्या टोपलीपाशी उभा राहतो अन् विचारतो, आज किती ग्लास झाले. शालूले फोन लावून मी आकडा काढलेला असतो. त्याले सांगताना एक-दोन ग्लास वाढवूनच सांगतो.