वाघावर बसवलेल्या शांतेचा फोटू

माह्या पोरीच्या, शांतेच्या लग्नापायी मले मार्कंड्याच्या जत्रेले जावं लागलं. पोराची माय गिरजाबाई पायानं अधू, गाव वैनगंगेपल्याड जंगलात. तिले येता येत नोतं, अन् पोरगी नेऊन दाखवाची आमच्यात रीत नाई. तिनं फोटू मागितला. फोटूवाला भेटन त जत्रेतच.

मूल गावाहून शांतेले घेऊन दिराच्या बैलबंडीत निघालो. तुमी जासान त बंडीत धानाचं तणीस भरपूर टाका, रस्ता हाडं मोजते. हरणघाटाले बंडी ठेवून नदी पार कराले डोंग्यात बसा लागते. पल्याड वाळूवर तांदळाची भाकर अन् लाखोरीचं वरण खाल्लं. माहे मालक वारल्यापासून इतकी भूक मले लागली नोती.

देवदर्शन झाल्यावर फोटूवाल्याच्या तंबूत गेलो. मागं कापडावर समुद्र, त्यात जहाज, वर दोरीले कागदाचा चांद, अन् पुढं भुसा भरलेला वाघ.

"भाऊ, समुद्राकाठी वाघ काऊन?"

"नागपुरात असंच चालते, बाई."

"तुमी पाह्यला काय समुद्र?"

"कापडावरच."

त्यानं शांतेले टिनाची तलवार देल्ली. ती मागं सरकून राह्यली होती. मीच म्हनलं, "बस वो वाघावर, देवी दिसशीन. सासू दबून राहीन."

दुसऱ्या दिवशी फोटू भेटला, दीड रुपया गेला. शांता काकासंग घरी गेली. मी जंगलवाटेनं गिरजाबाईच्या गावाले निघाली. त्याच गावची एक बाई संग होती. वाटेत शेंदराचा दगड आला, तशी ती जोडे काढून पाया पडली.

"हा कोन देव वो?"

"ज्याचं नाव इथी घेत नाई, तो. पट्ट्यावाला. गिरजाबाईच्या मानसाले त्यानंच नेलं."

मी चालता चालता थांबली. पदराखाली फोटूत तोच घेऊन मी सोयरीक कराले चालली होती.

गिरजाबाईनं गूळ-पानी देल्लं अन् हात पुढं केला. लपवणार कुठी? देल्ला फोटू. तिनं वाघावर तळहात ठेवला, नुसतं शांतेचं तोंड पाह्यलं. लय वेळ. मंग हात काढला.

"पोरगी भ्याली नाई काय?"

मले चांगलं खोटं सुचत होतं. पन तेवढ्यात माहीबी नजर फोटूत शांतेच्या हातावर गेली. "भ्याली. तलवार पाहा ना, उलटी धरली हाये."

"मंग चालते," ती म्हनली. "माहा मानूस भेत नोता."

फोटू तिनं ठेवून घेतला. पोरीची वरात दिवसाउजेडी आना, येवढंच सांगतलं.

घरी आली त शांता भात रांधून राह्यली होती.

"पसंत हायेस," म्हनलं.

"तलवार पाहून?"

"नाई. भ्याली म्हनून."

तिनं चुलीत लाकूड सारलं. मंग हळूच म्हनली, "माय, मले तिथी जायाचंबी भेव वाटते."

येवढ्या वाटभर मी चांद पाह्यला, जहाज पाह्यलं, फोटूवाल्याची मजा घेतली. पोरीले हे कोनी इचारलंच नोतं.

मी पाय न धुताच तिच्यापाशी बसली. "सांग," म्हनलं.