दोन हजार वॅटचा रॉड

कॉलेजात मी एकवीस वर्षं विद्युतधारा शिकवतोय. व्होल्टेजला करंटनं भागलं की रोध, गुणलं की पॉवर, हे मी इतक्यांदा फळ्यावर लिहिलंय की हात आपोआप चालतो. हात चालताना डोकंही चालतंच, असं मात्र नाही.

डिसेंबरात सासूबाई नांदगाव खंडेश्वरहून अकोल्याला आमच्याकडे आल्या. त्यांच्यासाठी मी जठारपेठेतून पाणी तापवायचा नवा रॉड आणला. डब्यावर ठळक लिहिलं होतं, दोन हजार वॅट. सकाळी पंधरा मिनिटं रॉड बादलीत बुडवून ठेवला. सासूबाई न्हाणीतून बाहेर आल्या त्या कुडकुडतच.

"जवाईबापू, पाणी तापवलं होतं का त्याले नुसतं 'ताप' म्हणून सांगतलं होतं?"

बायको तोंडावर पदर धरून स्वयंपाकघरात गेली. शिकलेल्या माणसाला अशा वेळी दोष द्यायला कुणीतरी लागतं. मी रॉड पिशवीत टाकला आणि दुपारी थेट दुकान गाठलं.

दुकान एक काकू चालवतात. साठीच्या असतील; मिक्सर, पंखे, कुलर स्वतः उघडून दुरुस्त करतात. दुकानात चारपाच गिऱ्हाइकं होती. मला राग आला की मी पुस्तकी मराठी बोलतो.

"आपण ग्राहकांची फसवणूक करता. हा रॉड दोन हजार वॅटचा नाही. मी एकवीस वर्षे भौतिकशास्त्राचा प्राध्यापक आहे."

काकूंनी शांतपणे बादली भरली, रॉड बुडवला आणि तारेला चिमट्यासारखं लावायचं मीटर माझ्या हाती दिलं. "घ्या सर, तुमीच मोजा."

मी ऐटीत चिमटा वायरीवर बसवला. आकडा आला शून्य.

"पाहा! करंटच नाही!" मी गिऱ्हाइकांकडे वळून म्हणालो.

"सर, दोन्ही तारा संगच धरल्या तुमी. जाणारा करंट अन येणारा करंट, बेरीज शून्यच येईन ना. एकच तार धरा."

हेच मी दरवर्षी पोरांना शिकवतो. एक तार धरली. आठ पूर्णांक सात अँपिअर. सॉकेटवर व्होल्टेज दोनशे तीस. गुणाकार केला, दोन हजार एक. कंपनीनं एक वॅट वरून फुकट दिला होता. एक गिऱ्हाईक खोकलं. तो खोकला सर्दीचा नव्हता.

"मीटर घरी न्या," काकू म्हणाल्या. "सकाळी पाणी तापवता त्याच टाइमाले मोजा. व्होल्टेज कमी झालं की रॉडची ताकद लय पडते. अर्धं झालं तं ताकद पाव रायते."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी न्हाणीच्या दारात वही घेऊन बसलो. सासूबाई बाजूलाच उभ्या.

व्होल्टेज एकशे ऐंशी. करंट सहा पूर्णांक आठ. मी भागाकार केला. रोध साडेसव्वीस ओहम. दुकानातल्या आकड्यांचाही जवळपास तेवढाच. म्हणजे रॉड तोच होता, इमानदार होता. पण पॉवर फक्त बाराशे चोवीस.

"सापडलं!" मी ओरडलो.

"पाणी तापलं काय?"

"नाही, पण कारण सापडलं."

"मंग कारणानं आंघोळ करू काय मी?"

दुपारी आमच्याकडे व्होल्टेज पूर्ण, सकाळीच कमी. सकाळी बिल्डिंगमधल्या सोळाही घरांतले रॉड आणि गिझर एकदम चालू होतात. रस्त्यावरच्या खांबाजवळच्या टपरीत मोजलं, तिथं तेव्हाही व्होल्टेज ठीक होतं. म्हणजे पन्नासेक व्होल्ट खांबापासून बिल्डिंगपर्यंतच्या केबलमध्ये, तिलाच तापवण्यात खर्ची पडत होते. केबल बारीक, रोध जास्त. इतकी बारीक केबल कोण्या शहाण्यानं पास केली, म्हणून मी तावातावानं सोसायटीची फाइल उघडली.

'केबल तांत्रिकदृष्ट्या योग्य आहे.' खाली तांत्रिक सल्लागार म्हणून सही. सही माझी होती. त्या दिवशी मिटिंगमध्ये कचोरी होती एवढंच मला आठवलं.

बायकोनं फाइल वाचली. "आईले सांगू काय?"

"नको."

तिनं सांगितलं. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. "चूक सापडली न? मंग आता चार लोकाईत कबूल करा, अन काम करून घ्या."

रविवारी मिटिंगमध्ये मी कबूल केलं. सेक्रेटरींनी तत्परतेनं सुचवलं की या चुकीची चौकशी करायला समिती नेमावी आणि तिचा तांत्रिक सल्लागार म्हणून मलाच घ्यावं. मी नाही म्हणालो, आणि पंधरा दिवसांत जाड केबल बसली.

मग मीटर परत करायला दुकानात गेलो. गिऱ्हाइकं होती, बरंच झालं.

"काकू, चूक माझी होती. सगळ्यांसमोर बोललो, तर माफीही सगळ्यांसमोर मागतो."

"जाऊ द्या सर." त्या मीटर पुसत म्हणाल्या. "पण एक सांगा. व्होल्टेज अर्धं झालं तं ताकद पावच काहून रायते? मी हातच्या अनुभवानं सांगते. कारण कोणी सांगतलं नाही कधी."

मी रिकाम्या खोक्यावर लिहिलं. व्होल्टेज अर्धं, म्हणून करंटही अर्धा. अर्ध्याला अर्ध्यानं गुणलं की पाव.

काकूंनी ओळीवर बोट फिरवत ते दोनदा वाचलं. मग त्यांनी कात्रीनं तेवढा तुकडा कापला आणि काउंटरच्या काचेखाली सरकवला.

"इतकं सोपं हाय हे?" त्या म्हणाल्या. "मंग तुमाले एकवीस वर्ष काहून लागले?"