गोचीड-तापाची लस घेऊन बिद्रीला, दोनदा

सुमन, गुडघा दुमडतो का आता? बंडू, खोकला गेला? दुबईच्या जावईबापूंची साखर आटोक्यात आहे ना? वाचकमंडळी, माझं बरं आहे, डोकं तेवढं तापलंय. का ते वाचा.

बिद्रीजवळ मळ्यात माझी आक्का आणि दाजी राहतात. मागल्या वर्षीच्या पावसाळ्यात त्यांची संकरित गाय गोचीड-तापानं गेली. दावणीला उरली एक कालवड, चांदी. आक्काची सगळी आशा तिच्यावर. उन्हाळ्यात गोचिड्या वाढायच्या आत तिला लस टोचायची, असं मीच पुढाकार घेऊन ठरवलं.

लस गोठवलेली, नायट्रोजनच्या टाकीत. कसबा बावड्याहून ती घेऊन एसटीत चढायला गेलो, तर कंडक्टर म्हणतो, "पावणं, ह्यो बाँब घिऊन कुठं?" शेवटी वडापची, माणसं कोंबून नेणारी जीप धरली, टाकीचंही भाडं भरलं. गळिताच्या दिवसांत जाणार असाल तर सकाळी लवकर निघा आणि भडंग जवळ ठेवा. उसाच्या ट्रॉल्यांमागं तास कधी जातो कळत नाही.

गुरांचे डॉक्टर फटफटीवरून आले. "कुपी वितळली की लगेच टोचायची, नाहीतर फुकट," असं बजावून त्यांनी ती कोमट पाण्यात धरली. नेमकं तेव्हाच दाजींना जोतिबाचा गुलाल आठवला.

"दाजी, मागनं लावा की," मी म्हटलं.

"द्येवाला न सांगता सुई टोचायची व्हय?"

बोटभर लावायचा, तर यांनी चांगभलं म्हणत मूठ उधळली. चांदी बुजली, दावं तोडून थेट उसात. आम्ही दोघं पाचटात धावतोय, आक्का बांधावरून नवऱ्याचा उद्धार करतेय. कालवड सापडली तोवर डॉक्टरांनी कुपी टाकून दिली होती.

"जरा येळ झाला म्हणून औषध मरतंय व्हय?" दाजी.

मरतं. डॉक्टरांच्या पुस्तिकेतून मला उमगलं ते असं: हा जंतू जनावराच्या पांढऱ्या पेशींतच बिऱ्हाड थाटतो. तिथला भाडेकरू हुडकून घरासकट पाडायचं काम टी पेशींचं. त्या म्हणजे शरीराचे शिपाई. लशीत असतात तसल्याच जंतूवाल्या जिवंत पांढऱ्या पेशी, फक्त आतला जंतू नरम केलेला. त्यावर शिपाई तालीम करतात. पेशीच मेल्या तर तालीम कुणाशी?

पंधरवड्यानं परत तीच टाकी, तेच वडाप, त्याच ट्रॉल्या. या खेपेला मी आधी दाजींना गुलाल लावायला लावला, दोन दाव्यांनी चांदीला बांधलं, मगच कुपी बाहेर. उन्हाळा सरला, पाऊस सरला. शेजाऱ्याची गाय तापानं गेली, चांदी उभी राहिली.

श्रेय अर्थात गुलालाला. दाजी गावभर तेच सांगत सुटले. माझ्या दोन खेपा कुणाच्या खिजगणतीत नाहीत.

आज सकाळी त्यांचा फोन. "शेजाऱ्याच्या दोन कालवडी हायत्या. गुलाल लावून, डबल दाव्यानं बांधून ठेवल्यात. तुमी नुसती टाकी घिऊन या."

निघतोय. तुम्ही मात्र गुडघा, खोकला, साखर, सगळं सविस्तर लिहा, आणि लवकर; टाकीशेजारी बसून वाचायला काहीतरी हवं.