तीर्थाला नाही कसं म्हणायचं

बसवकल्याणजवळच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात मी मुलांना जीवनकौशल्यं शिकवते. म्हणजे नेमकं काय, हे मला स्वतःलाच पुरतं कळलेलं नाही. बँकेची स्लिप भरणं, राग आला की आधी पाणी पिणं, आणि दारू पुढे करणाऱ्याला नाही म्हणणं. शेवटचा धडा माझा आवडता. मी टवाळ दोस्ताचं सोंग घेते, मुलं मला हाकलून देतात आणि वर्गभर नुसता दंगा होतो.

निंबर्ग्याकडचा एक सोळा वर्षांचा मुलगा यात पटाईत होता. दारूशिवाय सलग नव्वद दिवस काढले की घरी, असा आमचा नियम. फळ्यावर त्याच्या नावापुढं एकसष्ट लागले होते आणि गावी त्याची आई एकटीच वाट बघत होती. एक दिवस त्यानं विचारलं, "बाई, दोस्ताला न्हाई म्हणतो. देवीच्या तीर्थाला कसं म्हणायचं?"

त्यांच्या घरी देवीला दारूचा नैवेद्य असतो आणि त्यातलीच चमचाभर तीर्थ म्हणून सगळ्यांच्या हातावर पडते. आमच्या आजोळीही हेच होतं, मीही लहानपणी ते घेतलंय. मी नुसतं "बघू," म्हणाले. शिकवणाऱ्या बाईनं "बघू" म्हणावं, याची मला अजून लाज वाटते.

दोन दिवसांनी आई त्याला पूजेसाठी एका दिवसाच्या सुटीवर न्यायला आली. मी तिला बाजूला घेऊन बजावलं, थेंबसुद्धा नको. ती म्हणाली, "अक्का, काळजी करू नका. त्याच्या हातावर म्या पाणी घालते. देवी समजून घेईल." मला इतकं हायसं वाटलं, की मुलाशी काही बोलायचं राहूनच गेलं.

तो परत आला तो थेट वर्गात. चप्पलही न काढता त्यानं फळ्यावरचा आपला आकडा पुसला आणि तिथं एक लिहिला.

"हे काय करायलास?" मी ओरडलेच. "पाणी होतं ते! तुझ्या आईनं मुद्दाम घातलं होतं."

"गिळल्यावर कळलं की, बाई. हात पुढं केला तवा दारूच समजलो होतो."

मला राग आला, मग कौतुक वाटलं, मग परत राग आला. प्यायला म्हणावं तर पोटात पाणी. नाही प्यायला म्हणावं तर तो स्वतःच कबूल करतोय. समुपदेशकांना विचारलं, तर ते म्हणाले, "धडा तुमचा, तुम्हीच ठरवा." असा संताप आला त्यांचा!

संध्याकाळी आईचा फोन आला. परत पहिल्यापासून नव्वद दिवस, हे ऐकून ती कडाडली, "कामून? पाणी म्याच घातलं की!" मला काही समजावता येईना. मी स्पीकर लावून फोन मुलाच्या हातात दिला.

"माय, तू पाणीच घातलंस," तो म्हणाला. "म्या दारू प्यालो."

पलीकडून तिचा बारीक झालेला आवाज आला, "मग म्या काय करायला पायजे होतं रं?"

त्यानं फोन माझ्यापुढं धरला. बाईंना हे येत असेल, असं त्याला खरंच वाटत होतं.