म्हशीच्या तोंडातला हात

आमच्या म्हशीच्या नाकाले कुत्रं चावलं, तेव्हा ती गाभण होती. कुत्रं गल्लीतलंच, आमच्याच दारची भाकर खाणारं. माह्या नवऱ्यानं जखमेत हळद-तिखट दाबलं आन् मोकळे झाले. ढोराच्या डॉक्टरले बोलवा म्हटलं, तर हसले.

"ढोराले कायले पाह्यजे इंजेक्शन? म्हैस हाये ते, कलेक्टर नाही."

जखम भरली. म्हैस व्याली. मी गूळ-विलायची घालून चिकाचा खरवस केला आन् रीतीप्रमाणं घरोघरी वाटला. समोरच्या काकूनं तर दोनदा वाटी पुढं केली.

मग म्हशीनं चारा सोडला. तोंडातून लाळेची तार, हंबरणं घोगरं. बादलीत तोंड घाले, पण पाणी घशाखाली उतरत नव्हतं. मी दोन्ही वेळा लाळ पुसून धार काढली. हे म्हणे, घशात प्लास्टिकची पन्नी अडकली असंल. मी शिंगं धरली, त्याईनं कोपरापर्यंत हात आत घातला. त्याच हातानं सकाळपासून कापूस वेचला होता. बोंडांची टोकं टोचून टोचून वेचणीच्या दिवसांत आमच्याकडं कोणाचीच बोटं धड नसतात. घशात काहीच सापडलं नाही.

दुसऱ्या दिवशी म्हैस मेली. ढोराच्या डॉक्टरनं आल्याआल्या विचारलं, "हिच्या तोंडात हात कोनं घातला?"

मी नवऱ्याकडं बोट दाखवलं. त्याईनं डोळे वटारले. डॉक्टरनं सांगितलं, "पिसाळलेल्या कुत्र्याचंच दुखणं हाये हे. दोघंबी आजच्या आज इंजेक्शन घ्या. एकदा सुरू झालं का मंग औषध नाही."

गल्लीत बोंबाबोंब झाली. काकूनं दारात उभं राहून माह्या सात पिढ्यांचा उद्धार केला. "खरवस खाऊ घातला का जहर वो, बाई?" शिजवलेल्या खरवसानं काही होत नाही, असं तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं घसा फोडून सांगितलं. कोण आयकते! सगळ्याईले सुई पाह्यजेच होती. आन् दवाखान्यात गेले कोणाच्या ऑटोत? आमच्याच. ऑटो हे चालवत.

म्हणजे ज्याईले गरज नव्हती ते आत बाह्या वर करून रांगेत, आन् गरज असलेला माणूस बाहेर टपरीवर चहा पीत. मी त्याईच्या शर्टाले धरून ओढलं, तर म्हणे, "म्हैस मले चावली काय? पुढच्या खेपेले पाहू." खरं कारण मले माहीत होतं. एवढे धिप्पाड, पण सुई दिसली का घाम फुटे. पुढच्या खेपेलेही तेच, त्याच्या पुढच्याही. तिथंच चारचौघांत मी ओरडली, "मरा मंग!" लोक हसले. हेही हसले.

पाचव्या, शेवटच्या इंजेक्शनले गेलतो. दोन दिवसांपासून ह्याईच्या त्याच हाताले मुंग्या येऊन राह्यल्या होत्या. हे म्हणत, ऑटोच्या हँडलनं असंल. मी दंड दाबत बाहेर आली, तर ते टपरीवर गिलास घेऊन बसलेले. ओठाले लावला का घसा आवळे, चहा अंगावर सांडे. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मले बादलीपुढची म्हैस आठवली आन् मी त्याईले ओढत आत डॉक्टरकडं नेलं.

डॉक्टरनं पाण्याचा गिलास पुढं केला. हे भिंतीले जाऊन चिकटले. डॉक्टर मले बाजूले घेऊन म्हणाले, यवतमाळले नेतो, पण आस ठेवू नका.

अॅम्ब्युलन्स येईपर्यंत मी त्याईले ऑटोत बसवलं. गल्लीतले आधीच बसले होते, ते एकेक करून उतरले. काकूनं नाकाले पदर लावला. "आमी एसटीनं जातो वो." पाच-पाच सुया टोचून घेतलेली माणसं, पण माह्या नवऱ्याच्या शेजारी बसायले एकही तयार नाही. भडव्याईनो, हाच माणूस तुमाले पाच खेपा घेऊन आला होता!

मागच्या सीटवर आमी दोघंच उरलो. मी त्याईचा तोच हात माह्या मांडीवर घेतला.

"तू बी उतर," ते म्हणाले. आवाज घोगरा झाला होता.

"मी कायले उतरू?" मी म्हटलं. "माहे पाचही झाले."