पाठीवरचा घोडा

मंडळी, माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नाही. मी नाशिकला पंचवटीत गीझर दुरुस्त करतो. पाणी आपोआप तापलं असं कुणी म्हटलं, तर मी आधी वायर बघतो. पण माझ्याच लग्नात जे झालं...

बायको यमुना वारली समाजातली. पेठच्या पुढे तिचा पाडा. तिथे भिंतीवर चौक काढल्याशिवाय लग्न लागत नाही. गेरूवर तांदळाच्या पिठाने मधे पालघट देवी, भोवती चंद्र, सूर्य, फणी... आणि नवरा-नवरीसाठी एक घोडा. काढायचा फक्त सवाष्णींनी. पुरुषाने हात लावायचा नाही.

मी हात नाही लावला. पाठ लावली.

सेल्फी घेताना मागे मागे सरकलो आणि टेकलो ओल्या भिंतीला. भिंतीवर नुसता फराटा, आणि घोडा माझ्या नव्या निळ्या शर्टावर. मित्र संजूने हसत हसत पाठीचा फोटोही काढला. तेवढ्यात बायका आल्या आणि चौकावर कापड टाकून गेल्या. आता ते निघणार थेट धवलेरी — म्हणजे गाणी गात लग्न लावणारी बाई — बसल्यावरच. चौक अपुरा दिसला तर ती गाणार नाही, आणि ती गायली नाही तर लग्न नाही.

"सांगून टाक," संजू म्हणाला.

"सासूबाई आधीच मला धांदरट म्हणतात."

"मग जॅकेट घाल आणि गप बस."

भर दुपारी, मांडवात जॅकेट. सासूबाईंनी निरखून पाहिलं. "जावाय, थंडी वाजतीय का काय?"

"जरा... कणकण आहे."

धवलेरी कापडासमोर बसली. कापड निघालं. मी डोळे मिटले.

बायका हसायला लागल्या. बघतो तर घोडा जागेवर. वर दोन स्वार — जे आधी नव्हते. एकीच्या डोक्यावर अंबाडा. दुसऱ्याच्या अंगाचा वरचा त्रिकोण एवढासा, आणि खालचा चांगला पोटभर सुटलेला.

"ह्यो तं आपला जावायच हाय," सासूबाई म्हणाल्या. धवलेरीने सूर चढवला, लग्न लागलं, आणि तारप्याच्या तालावर नाचताना मी दोनदा पडलो.

जॅकेट काढलं तर शर्ट कोरा. संजूच्या फोटोत मात्र घोडा अजून माझ्या पाठीवर आहे. सवाष्णींना विचारलं, तर जी ती म्हणते, मी नाही, हिने काढला असेल.

शेवटी सासूबाईंना खरं सांगितलं. त्या भाकरी थापत होत्या, वरही बघितलं नाही.

"मंग? माझी पोर काय पायी नेनार व्हता? आला घोडा माघारी."

मी अजून वायर शोधतोय.